दाढ कुणाची, बिल कुणाचे, सही कुणाची?

महागाई भत्ता, रिक्त जागा, पेन्शन, बदल्या या प्रश्नांवर या स्तंभातून आम्ही नेहमीच लिहीत आलो आहोत. या वेळचा विषय पाहून काही वाचक म्हणतील, दाताच्या डॉक्टरचे बिल हा काय अग्रलेखाचा विषय झाला? आम्हालाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु मध्य प्रदेशातील आमच्या एका शाखेकडे आलेले प्रकरण ऐकल्यावर आमचे मत बदलले. प्रश्न एका दाढेचा नाही. प्रामाणिक कामगाराने गैरप्रकार उघड केला तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार, हा प्रश्न आहे.

प्रकरण असे. आमचे एक मराठी सभासद तेथे पोस्टल असिस्टंट आहेत. त्यांचे व गावाचे नाव आम्ही देत नाही. पत्नीच्या खालच्या डाव्या दाढा ठणकू लागल्या म्हणून ते तिला मान्यताप्राप्त यादीतील एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेले. दोन दाढांचे रूट कॅनॉल आणि दोन कॅप, असा अंदाज निघाला. सोसायटीतून कर्ज काढून त्यांनी २५,००० रुपये आगाऊ भरले. प्रत्यक्षात एक दाढ वाचण्यासारखी नव्हती, ती काढून टाकावी लागली. दुसरी नुसती भरली. काम दोन खेपांत आटोपले. बिल मात्र आले ते दोन रूट कॅनॉलचे आणि दोन कॅपचे, म्हणजे पूर्ण २५,००० रुपयांचे! जी दाढ कागदाच्या पुडीत बांधून घरी आणली होती तिच्यावर कॅप बसविल्याचे त्या बिलात लिहिले होते.

सभासदाने उरलेले पैसे परत मागितले. उत्तर मिळाले, "तुमचे काय जाते? खात्याकडून सगळे मिळणारच आहे. दावा लावा आणि मोकळे व्हा."

या उत्तरातच सारी मेख आहे. बिलावर सही करून दावा लावला असता तर आमच्या सभासदाचा एक पैसाही बुडाला नसता. सोसायटीचा हप्ताही फिटला असता. खरे बोलायचे ठरविले तर पदरचे पैसे अडकणार, दवाखान्याशी वैर, कार्यालयात चौकशी. त्यांनी चार दिवस विचार केला आणि खरे बोलायचे ठरविले. बिलासोबत, जे काम झाले नाही त्याचे पैसे लावले आहेत, असा स्पष्ट अर्ज त्यांनी विभागीय कार्यालयात दिला.

आणि पहिला मेमो कुणाला मिळाला? त्यांनाच! असे बिल तुम्ही घेतलेच का, आगाऊ रक्कम भरलीच का, याचा खुलासा करा. शिवाय त्यांच्या आईच्या आजारपणाचा, या प्रकरणाशी काडीचाही संबंध नसलेला दावाही बाजूला ठेवण्यात आला. ते शाखा सचिवांकडे आले तेव्हा एकच वाक्य बोलले, "गप्प बसलो असतो तर बरे झाले असते, असे आता घरचे म्हणतात."

हे वाक्य आम्हाला झोंबले. ज्या दिवशी आपल्या प्रत्येक सभासदाच्या घरी असे म्हटले जाऊ लागेल, त्या दिवशी आपल्या वैद्यकीय सवलतीला वाळवी लागली असे समजावे.

महाग म्हणजे खोटे नव्हे

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. बहुसंख्य दंतवैद्य प्रामाणिकपणे काम करतात. एकाच्या लबाडीसाठी साऱ्या व्यवसायाला नावे ठेवणे आम्हाला मान्य नाही. बिल मोठे आहे म्हणून ते खोटे ठरत नाही. रूट कॅनॉलला दोन-तीन खेपा लागू शकतात. त्यानंतर दाढ ठिसूळ होते म्हणून कॅप सुचविली जाते, यातही वावगे काही नाही. एक डॉक्टर दाढ भरावी म्हणतो, दुसरा रूट कॅनॉल करावे म्हणतो. तो मतभेद असू शकतो. लिहिणाऱ्याची साधी चूकही असू शकते.

परंतु काही गोष्टी मतभेदात बसत नाहीत. जे काम केलेच नाही त्याचे पैसे लावणे. साधी दाढ काढून ती शस्त्रक्रियेने काढलेली अक्कलदाढ म्हणून दाखविणे. धातूची कॅप बसवून सिरॅमिकची लिहिणे. जिवंत रुग्णाच्या तोंडात नसलेल्या दातावर उपचार दाखविणे. ज्या तारखेला रुग्ण दवाखान्यात गेलाच नाही त्या तारखेची खेप लिहिणे. येथे संशयाला जागा आहे, आणि संशय आला की विचारणे हा आपला हक्क आहे.

कसे ओळखावे? हे फार अवघड नाही. दंतवैद्य प्रत्येक दाताला दोन आकडी क्रमांक देतात. टपाल कामगारांना तो समजायला वेळ लागणार नाही, कारण त्याची रीत पिन कोडासारखीच आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १९७२ साली आलेल्या पिन कोडात पहिला आकडा विभाग सांगतो. दातांच्या क्रमांकातही तसेच. रुग्णाच्या स्वतःच्या उजव्या-डाव्या हाताप्रमाणे पाहावे. वरचा उजवा भाग १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. दुसरा आकडा अगदी मधल्या दातापासून मागे मोजत जायचा, १ ते ८. म्हणजे ३६ ही खालची डावी पहिली मोठी दाढ, ३७ तिच्या मागची, आणि ४८ ही खालची उजवी अक्कलदाढ. मुलांच्या दुधाच्या दातांना पहिला आकडा ५ ते ८ असतो. बिल हातात घ्यावे, आरसा समोर धरावा आणि मोजावे. आमच्या सभासदाच्या पत्नीने हेच केले. बिलात ३७ वर कॅप होती आणि आरशात ३७ च्या जागी खड्डा होता.

रूट कॅनॉलचा पुरावा एक्स-रेत राहतो. मुळांच्या नळ्या भरल्या म्हणजे त्या एक्स-रेत पांढऱ्या रेघांसारख्या दिसतात. म्हणून कामाच्या आधीचा आणि नंतरचा एक्स-रे मागून घ्यावा व जपून ठेवावा. बिलात क्रमांक नसेल तर तो लिहून मागावा. जो डॉक्टर सरळ आहे तो रागावणार नाही.

सही आपली असते

आता कटू भाग. वैद्यकीय दाव्याच्या अर्जावर, दिलेली माहिती खरी आहे, असे आपण लिहून देतो. बिल दवाखान्याचे असले तरी खाली सही आपली असते. टपाल कर्मचाऱ्यांना १९६४ च्या आणि रेल्वे कर्मचाऱ्यांना १९६६ च्या वर्तणूक नियमांतील तिसऱ्या नियमाने संपूर्ण सचोटीचे बंधन घातले आहे. खोटा दावा उघडकीस आला की टपालात रूल १४, रेल्वेत एस.एफ. ५ हातात पडते. तेव्हा दवाखाना म्हणतो, आम्ही तर यांच्या सांगण्यावरून लिहिले. वीस-पंचवीस वर्षांची नोकरी दोन कॅपसाठी पणाला लागते.

रेल्वेतील बांधवांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. रेल्वे रुग्णालयाने बाहेर पाठविल्यावर पुष्कळदा बिल परस्पर प्रशासनाकडे जाते व रुग्णाची फक्त सही घेतली जाते. घाईत, कोऱ्या कागदावर ती सही देऊ नका. बिलात ज्या दिवशी तुम्ही दवाखान्याच्या खुर्चीत बसलेले दाखविले आहात, त्या दिवशी लॉबीच्या नोंदीत तुम्ही गाडी घेऊन भुसावळला गेलेले असाल. पोस्टमनच्या बाबतीत मस्टर आणि बीटची नोंद तेच सांगेल. ही नोंद खोट्या बिलावर सही केलेल्या माणसाला बुडविते, आणि खरे सांगणाऱ्याला तारते. परस्पर गेलेल्या बिलात काय लिहिले आहे ते कळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये भरून स्वतःच्या बिलाची प्रत मागता येते. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

आपल्यातील सगळेच हरिश्चंद्र आहेत असेही आम्ही म्हणत नाही. 'बिल वाढवून द्या, निम्मे तुमचे निम्मे आमचे' असे स्वतःहून सांगणारे महाभाग आपल्या रांगेतही आहेत. त्यांना नियमाप्रमाणे बचावाची पूर्ण संधी मिळाली पाहिजे, चौकशी न्याय्य झाली पाहिजे, यासाठी संघटना जरूर उभी राहील. परंतु खोटे बिल खरे आहे असे संघटना म्हणणार नाही. ग्रामीण डाक सेवकांसाठी वैद्यकीय सवलतीची मागणी आपण वर्षानुवर्षे लावून धरली आहे. मागणी घेऊन गेलो की समोरचा अधिकारी गैरप्रकारांची फाईल पुढे सरकवितो. ती फाईल जाड करण्याचे काम आपल्याच माणसांनी करावे काय?

तक्रार कुठे व कशी

पहिली पायरी दवाखान्याचीच. काय झाले नाही, कोणत्या क्रमांकाच्या दाताचे, कोणत्या तारखेचे, हे लेखी विचारा व पोच घ्या. चूक असेल तर तेथेच दुरुस्त होईल. शक्य असल्यास दुसऱ्या दंतवैद्याकडून, शक्यतो सरकारी रुग्णालयातील, तपासून लेखी मत घ्या. काढलेला दात, औषधाच्या चिठ्ठ्या, पैसे भरल्याची पावती, सारे जपा. मूळ कागद हातचे सोडू नका.

दुसरी पायरी आपले खाते. दावा लावण्यापूर्वी, किंवा लावला असल्यास ताबडतोब, नियंत्रक अधिकाऱ्याला लेखी कळवा. १९४४ च्या वैद्यकीय परिचर्या नियमांखाली येणाऱ्या टपाल कर्मचाऱ्यांनी विभागीय कार्यालयात, सी.जी.एच.एस. चे कार्ड असलेल्यांनी आपल्या शहराच्या अतिरिक्त संचालकांकडे, रेल्वे कर्मचाऱ्यांनी ज्या रुग्णालयाने बाहेर पाठविले तेथील वैद्यकीय अधीक्षकांकडे. यादीतील दवाखान्याशी करार झालेला असतो; कराराचा भंग सिद्ध झाला तर त्याला यादीतून काढता येते.

तिसरी पायरी व्यवसायाची. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने प्रत्येक राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदवही सोपविली आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास त्या नोंदवहीतून नाव काढण्याचा अधिकारही दिला. हा कायदा बदलण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला, त्यातही राज्याच्या परिषदेचे स्थान कायम आहे. डॉक्टर ज्या राज्यात नोंदलेला आहे त्या राज्याच्या परिषदेकडे तक्रार जाते, आपण मराठी असलो तरी मुंबईला नव्हे.

पैसे परत मिळविण्यासाठी ग्राहक आयोग आहे. खात्याने पैसे दिले तर आपण ग्राहक कसे, असे विचारले जाते. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात याचे उत्तर देऊन ठेवले आहे. नोकरीच्या अटीप्रमाणे मालक उपचाराचा खर्च देतो तेव्हा ती सेवा फुकटची ठरत नाही, कामगार व त्याचे कुटुंबीय दाद मागू शकतात. २०१९ चा नवा ग्राहक कायदा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. त्याखाली आपण जेथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. बदलीच्या नोकरीत ही सोय लहान नाही. मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत मात्र २ वर्षांची आहे.

आपल्या कार्यालयातीलच कुणी दवाखान्याशी हातमिळवणी केली असेल तर मार्ग वेगळा. झोनच्या किंवा सर्कलच्या दक्षता विभागाकडे जाता येते. नाव गुप्त राहावे असे वाटत असेल तर केंद्रीय सतर्कता आयोगाकडे. सुवर्ण चतुर्भुज महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार कळविणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांनी नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती, ती पाळली गेली नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे त्यांची हत्या झाली. त्यानंतर देशभर उठलेल्या संतापातून २००४ चा जनहित प्रकटीकरण व माहीतगार संरक्षण ठराव आला. त्याखाली तक्रार बंद लिफाफ्यात आयोगाच्या सचिवांच्या नावे, नवी दिल्ली येथे पाठवावयाची असते. लिफाफ्यावर 'पी.आय.डी.पी.आय.' हा उल्लेख करावा. आपले नाव व पत्ता आतल्या पत्रात लिहावा, लिफाफ्यावर नाही. निनावी पत्राची दखल घेतली जात नाही. अशा लिफाफ्यावर पाठविणाऱ्याचे नाव, पत्ता मागण्याचा आग्रह धरू नये, अशा सूचना टपाल खात्याने २०२२ मध्ये दिल्या आहेत. काउंटरवर बसणाऱ्या आमच्या टपाल बांधवांनी हे पक्के लक्षात ठेवावे. समोरचा लिफाफा आपल्याच एखाद्या भावाचा असेल.

उघड फसवणूक व खोटे कागद असतील तर पोलीस आहेतच. ज्याला आपण इतकी वर्षे 'चारशे वीस' म्हणत आलो ते फसवणुकीचे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झाले आहे. आकडा बदलला, गुन्हा तोच.

एक इशारा. तक्रार अधिकाऱ्याकडे करा. चहाच्या टपरीवर किंवा व्हॉट्सॲपच्या गटात डॉक्टरचे नाव घेऊन बोभाटा करू नका. योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला बदनामीच्या कायद्यात संरक्षण आहे, बोभाट्याला नाही. आणि अर्जात 'डॉक्टर चोर आहे' असे लिहू नका. 'बिलात हे लिहिले आहे, प्रत्यक्षात हे झाले' एवढेच लिहा. बाकी ठरविणे चौकशीचे काम आहे.

प्रशासनाकडे आमची मागणी

प्रशासनालाही चार शब्द सुनावणे भाग आहे. रेल्वे रुग्णालयात दंतवैद्याची जागा रिकामी ठेवायची, कामगाराला बाहेर पाठवायचे आणि मग बाहेरची बिले फुगतात म्हणून त्याच्याकडेच संशयाने पाहायचे, हा कुठला न्याय? गैरप्रकार रोखायचे असतील तर बिलावर दाताचा क्रमांक व तारीख सक्तीची करा. उपचार काय झाले ते रुग्णाला समजेल अशा भाषेत लिहून त्याची सही घ्या. ठरलेले दर दवाखान्याच्या दर्शनी भागात लावा. तक्रारीची पोच द्या व ठराविक मुदतीत उत्तर द्या. ज्याने स्वतःहून गैरप्रकार कळविला त्याच्यावर त्याच बिलावरून कारवाई करू नका. आणि एका बिलाच्या संशयासाठी इतर खऱ्या आजाऱ्यांची बिले अडवून ठेवू नका.

मध्य प्रदेशातील त्या प्रकरणात शाखा सचिव सभासदाला घेऊन अधिकाऱ्यांना भेटले. पुडीतली दाढ, एक्स-रे आणि बिल टेबलावर ठेवले. खुलाशाचा मेमो मागे घेतला गेला, आईचा दावा मंजूर झाला. दवाखान्याने दुरुस्त बिल दिले व उरलेली रक्कम परत केली. दवाखान्याच्या चौकशीचा निकाल अजून लागलेला नाही. शाखा त्याचा पाठपुरावा करीत आहे.

प्रत्येक ठिकाणी शेवट इतका सरळ होईल, अशी हमी आम्ही देऊ शकत नाही. एवढे मात्र सांगतो. खोटे बिल दिसले तर ते घेऊन प्रथम आपल्या शाखेत या, सही करण्यापूर्वी या. आणि शाखेच्या पदाधिकाऱ्यांना आमची सूचना आहे की असा सभासद आला तर त्याला 'कशाला भानगडीत पडता' असे म्हणून परत पाठवू नका. त्याच्याबरोबर उठून अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत जा. 'गप्प बसलो असतो तर बरे झाले असते' असे त्याच्या घरी पुन्हा कुणी म्हणू नये, ही जबाबदारी त्याची एकट्याची नाही, आपल्या सर्वांची आहे.